प्रभूने बापाला विचारलेला प्रश्न

शास्त्रपाठ : मार्क 9:14–29



आमची सुरतेची मराठी मंडळी मोठी नाही. बहुतेक कुटुंबे नवापूर, नंदुरबार, साक्री या बाजूची. कोणी लूमच्या कारखान्यात, कोणी साड्यांच्या घड्या घालण्याच्या कामावर, एकदोघे महापालिकेत. राहायला उधना, लिंबायत, डिंडोली अशा वस्त्यांतून विखुरलेली. रविवार शाळेच्या शिक्षकांची बैठक आम्ही महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी घेतो. गेल्या पावसाळ्यातील अशाच एका बैठकीच्या शेवटी मी नेहमीप्रमाणे प्रार्थनेचे विषय विचारले. कोणी नोकरीचा विषय दिला, कोणी आजारी सासूचा. मग लहान मुलांचा वर्ग घेणारी आमची एक तरुण बहीण, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणाली, "काका, माझ्यासाठी प्रार्थना करा. मला पुढे मेंदूचा अभ्यास करायचा आहे. मेंदूचे रोग कशाने होतात ते शोधायचे आहे."

आमच्यातील एक वडीलधारे पंच हसत म्हणाले, "बाई, मेंदू शोधायला जाशील आणि देव हरवून येशील."

सगळे हसले. तीही हसली. मला मात्र हसू आले नाही. ही मुलगी मेंदूच्या वाटेला का लागली हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होते, तिला आणि मला. ते मी आज लिहिणार आहे. तिच्या आईवडिलांची व तिची तशी परवानगी मी घेतली आहे. नावे देत नाही.

प्रथम शास्त्रपाठाकडे वळू या. रूपांतराच्या डोंगरावरून प्रभू खाली उतरतो तेव्हा पायथ्याशी काय दृश्य आहे? मोठा समुदाय जमला आहे आणि शास्त्री व शिष्य वाद घालीत आहेत. एका बापाने आपला आजारी मुलगा आणला होता, शिष्यांना तो बरा करता आला नाही, आणि आता त्यावर वाद चालला आहे. कोणाचे चुकले, कोणाचा अधिकार किती, असाच काहीसा तो असणार. मुलगा कोठे आहे? तो तेथेच आहे. त्याच्याकडे कोणाचे लक्ष आहे असे निदान मार्क तरी लिहीत नाही.

मुलाला प्रभूपुढे आणतात आणि तेथेच त्याला झटका येतो. तो जमिनीवर पडतो, लोळतो, तोंडाला फेस येतो. आता आपण काय अपेक्षा करू? प्रभूने तत्काळ हात उचलावा, शब्द बोलावा. तसे होत नाही. मूल समोर तडफडत असताना प्रभू बापाकडे वळून एक साधा प्रश्न विचारतो : याला हे किती दिवसांपासून होते? बाप सांगतो, बाळपणापासून. मग आपण होऊन आणखी सांगतो, की कितीदा तरी हा विस्तवात पडला, पाण्यात पडला.

धर्मज्ञानाच्या पदविकेसाठी मी या उताऱ्यावर निबंध लिहिला होता. विश्वासावर लिहिले, अविश्वासावर लिहिले, शिष्यांच्या अपयशावर दोन पाने भरली. चांगले गुणही मिळाले. पण एकविसाव्या वचनातील हा प्रश्न मी ओलांडून गेलो होतो. सर्वज्ञ प्रभूला विचारण्याची गरज काय, असे मनात येऊन गेले असेल तर तेवढेच. कोणत्याही मेंदूविकारतज्ज्ञाच्या खोलीत जाऊन बसा. सुई नाही, यंत्र नाही, पहिला प्रश्न हाच : केव्हापासून? आणि तो रोग्याला कमी, जवळच्या माणसाला अधिक विचारला जातो, कारण ज्याला झटका येतो त्याला तो आठवत नाही. पाहणारा आई किंवा बापच असतो.

आता माझी गोष्ट.

सहा वर्षांपूर्वी या मुलीचा धाकटा भाऊ आठ वर्षांचा होता. त्याला फिट येत. डॉक्टरांनी गोळ्या लावून दिल्या होत्या, सकाळी एक आणि रात्री एक. गोळ्या सुरू झाल्यापासून चौदा महिने एकही झटका आला नाही, म्हणून त्या घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली होती. मी संदेश दिला. विषय होता बेथेस्दाचे तळे. संदेश रंगला, घरातले डोळे पुसू लागले. चहा झाल्यावर मुलाची आई हळूच मला म्हणाली, "भाऊ, आता गोळ्या चालू ठेवायच्या का?"

मी काय उत्तर दिले ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, "प्रभूने बरे केले आहे ना? मग गोळी कशाला? देवाचे देणे स्वीकारायचे आणि खिशात संशयही ठेवायचा, असे कसे चालेल?"

त्या रात्रीपासून गोळी बंद झाली. पाचव्या रात्री झटका आला. तो थांबेना. एक संपतो तोच दुसरा. बाप रात्रपाळीला गेला होता. आईने आणि तेरा वर्षांच्या या मुलीने त्याला रिक्षात घातले. मुलगा वाचला, देवाची स्तुती असो. पण अनेक दिवस तो शुद्धीवर नव्हता. आणि त्यानंतर त्याचा उजवा हात पूर्वीसारखा राहिला नाही, शाळेतही तो मागे पडला.

मी इस्पितळात गेलो. आईने मला स्टूल दिले, पाणी विचारले. एक शब्द लावून बोलली नाही. त्यांच्या घरात मला कोणी कधी दोष दिला नाही. आणि मीही, प्रियजनहो, सहा वर्षे कधी क्षमा मागितली नाही. देवाची योजना गूढ आहे, असे मी त्या काळात बऱ्याच वेळा बोललो. आता वाटते, ज्याला आपली चूक झाकायची असते त्याला देवाची योजना फार लवकर गूढ दिसू लागते.

त्या शनिवारच्या बैठकीनंतर मी तिला थांबवले आणि जे सहा वर्षांपूर्वी बोलायला हवे होते ते बोललो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, तुमचा राग मला तेव्हा आला होता. पण त्याहून जास्त मला एक गोष्ट छळत होती. इतकीशी पांढरी गोळी, ती नाही घेतली तर आत नेमके काय होते, हे कोणी मला सांगेना. डॉक्टर घाईत होते. सर म्हणाले, अभ्यासक्रमात नाही. तुम्ही म्हणालात, देवाला ठाऊक. मला ते माहीत करून घ्यायचे होते. अजून तेच करून घ्यायचे आहे."

काय होते, हे तिनेच मला समजावले. मी येथे माझ्या बुद्धीप्रमाणे सांगतो. आपला मेंदू सुमारे 1,400 ग्रॅम वजनाचा. त्यात 8,600 कोटींच्या आसपास चेतापेशी, आणि त्या बारीक विजेच्या इशाऱ्यांनी एकमेकींशी बोलतात. प्रत्येक जण आपल्या वेळेला बोलतो म्हणून काम चालते. लूमच्या खात्यात गेलेल्यांना हे कळेल. शेकडो लूम चालतात, पण प्रत्येकाचा ठोका वेगळा. ते सगळे एकाच ठोक्यावर आदळू लागले तर इमारत हादरेल. फिट म्हणजे असंख्य पेशींनी एकाच वेळी, एकाच ठोक्यावर उसळणे. गोळी या उसळीला लगाम घालते. गोळी रोग मुळापासून उपटतेच असे नाही, ती त्याला आवरून धरते. लगामाची सवय झालेल्या मेंदूचा लगाम एकाएकी सोडला तर उसळी पूर्वीपेक्षाही मोठी येऊ शकते, आणि लागोपाठ येणाऱ्या झटक्यांनी मेंदूला इजा होते, प्राणही जातो. म्हणून गोळी कमी करायची तर डॉक्टरांनीच, हळूहळू करायची. चौदा महिने झटका आला नाही याचा अर्थ गोळी काम करीत होती. मी नेमका तोच पुरावा गोळीच्या विरुद्ध वापरला.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की मार्क तर अशुद्ध आत्म्याविषयी बोलतो, त्याचे काय? मी त्या वचनाला बगल देणार नाही. मार्काने जे लिहिले ते लिहिले आहे. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायाचे चोविसावे वचन उघडून पाहा. प्रभूकडे ज्यांना आणले त्यांची तेथे यादी आहे, आणि तीत भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे आणि पक्षघाती वेगळे सांगितले आहेत. म्हणजे सुवार्तिकाला हा भेद माहीत होता. आपण मात्र दोन हजार वर्षांनंतरही तोंडाला फेस आलेला माणूस दिसला की तीनही कप्पे एक करून टाकतो. कोणी कांदा हुंगायला लावतो, कोणी चप्पल, आणि आपण ख्रिस्ती लोक त्याला हसतो. मग आपण काय करतो? त्याला धरून आत्म्याला धमकावतो. कांदा हुंगवणारा निदान गोळी बंद करीत नाही.

शास्त्राला औषधाचे वावडे कोठे आहे? हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचा लेप बांधायला सांगणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, यशया संदेष्टा होता, आणि तेही त्याच्या आयुष्याला पंधरा वर्षे वाढवून दिल्याचे वचन मिळाल्यानंतर. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी केवळ प्रार्थना सुचवली नाही. आणि लूकाला तो प्रिय वैद्य म्हणतो. लूकाने वैद्यकी सोडल्यावर तो प्रिय झाला असे काही कलस्सैकरांस पत्रात लिहिलेले नाही.

पंचांचा विनोद मात्र सोडून देण्यासारखा नव्हता. त्यामागे खरी भीती आहे. शिकलेली मुले मंडळीपासून दूर जातात हे आपण पाहतो. त्या मुलीनेही मला पुढे विचारले, "काका, माणूस प्रार्थना करतो तेव्हा मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो हे आता यंत्रावर दिसते म्हणे. मग देव मेंदूच्या आतच आहे असे निघत नाही का?" मी थोडा विचार केला. मग तिला म्हटले, "आपण तापीच्या पुलावर उभे राहून नदी पाहतो तेव्हाही डोक्याच्या मागच्या बाजूला काहीतरी कामाला लागत असेल ना?" ती म्हणाली, हो, पाहण्याचे केंद्र तेथेच असते. "मग तापी डोक्यात आहे असे कोणी म्हणते का?" हे उत्तर पुरेसे आहे असा माझा दावा नाही. यंत्रावर देव दिसत नाही, तसा तो नाही हेही दिसत नाही, एवढेच त्यातून निघते. पण एवढे निघाले तरी अभ्यासाची वाट मोकळी होते.

या वाटेवर तिच्यापुढे कोण गेले आहेत ते मी शोधू लागलो, आणि पहिले नाव आमच्या सुरतेचेच निघाले. डॉ. नोशीर होरमसजी वाडिया. 1925 साली सुरतेत पारशी घराण्यात जन्म. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकीचे शिक्षण. मग विलायतेला जाऊन त्यांनी रसेल ब्रेन यांच्या हाताखाली काम केले. मेंदूच्या डॉक्टराचे आडनावच ब्रेन, हा योग मोठा मौजेचा. हे ब्रेनसाहेब त्या काळातील इंग्लंडच्या आघाडीच्या मेंदूतज्ज्ञांपैकी, आणि क्वेकर पंथाचे श्रद्धावान ख्रिस्ती होते. मेंदूचा अभ्यास करून देव हरवतो म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट टिपून ठेवावी. वाडिया तेथेच राहू शकले असते, पण परत आले, आणि मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात, जेथे खिसा रिकामा असलेला माणूस जातो तेथे, त्यांनी मेंदूविकारांचा विभाग उभा केला.

त्यांचे एक काम मला फार बोलके वाटते. काही कुटुंबांत चालताना तोल जाण्याचा, बोलणे जड होण्याचा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. तसे रोग अनेक आहेत. पण वाडियांच्या ध्यानात आले की यांतील काही रोग्यांचे डोळे वेगळे आहेत. तुम्ही आता हे पान वाचता आहात, तुमचा डोळा एका शब्दावरून दुसऱ्यावर टुणकन उडी मारतो, तुम्हाला कळतही नाही. या रोग्यांचा डोळा उडी मारीत नसे, सरपटत जाई. 1971 साली त्यांनी स्वामी नावाच्या आपल्या सहकाऱ्याबरोबर अशा नऊ कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि हा एक निराळाच आनुवंशिक रोग आहे असे दाखवून दिले. त्याला कारण होणारा जनुकातला दोष पुढे 1996 साली सापडला. म्हणजे पंचवीस वर्षे आधी एका डॉक्टराने नुसत्या डोळ्यांनी डोळ्यांकडे पाहून तो रोग वेगळा काढला होता. त्यासाठी काय लागले? एकेका घरी कोणाकोणाला आहे, आजोबांना होता का, आणि केव्हापासून, हे धीराने विचारणे. 2012 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. 2016 साली ते वारले. ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु डोंगराच्या पायथ्याशी प्रभूने जो प्रश्न विचारला तो त्यांनी जन्मभर विचारला, आणि आम्ही मंडळीतल्यांनी विचारला नाही, हे मला येथे लिहावेच लागेल.

आपल्यातलेही कोणी नाही असे नाही. डॉ. जेकब चांडी, केरळातील ख्रिस्ती घराण्यातले, जन्म 1910. मद्रासला शिक्षण घेऊन ते बहरीनच्या मिशन इस्पितळात गेले आणि तेथे एका वडीलधाऱ्या मिशनरी डॉक्टरांनी त्यांना मेंदूच्या शस्त्रक्रियेकडे वळवले. पुढे कॅनडात माँट्रियल येथे वायल्डर पेनफील्ड या जगप्रसिद्ध शल्यविशारदाकडे ते शिकले. 1949 साली परत येऊन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. भारतातला तो पहिला. आपल्या मंडळ्यांतून वेल्लोरसाठी दानपेटी फिरत आली आहे, तेव्हा त्या विभागाच्या एखाद्या विटेत आपल्या आजीचा आणाही असेल.

पेनफील्ड यांची एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती आपल्या विषयाचीच आहे. त्यांच्या सख्ख्या बहिणीला झटके येत. मेंदूत गाठ निघाली. 1928 साली त्यांनी स्वतः तिच्यावर शस्त्रक्रिया केली, पण सगळी गाठ काढता आली नाही आणि काही वर्षांत ती गेली. फेफऱ्याच्या रोग्यांसाठी त्यांनी पुढे आयुष्य दिले. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. म्हणून रोग्याला जागा ठेवून, फक्त कातडी बधिर करून ते शस्त्रक्रिया करीत, आणि रोगट भाग कोणता ते कळावे म्हणून विजेच्या बारीक तारेने एकेका ठिकाणी स्पर्श करीत. एका ठिकाणी स्पर्श केला की रोग्याचा हात हले. पण रोगी म्हणे, हा मी हलवला नाही, तुम्ही हलवलात. हात हलवणारा आणि 'मी' म्हणणारा या दोघांतले अंतर पेनफील्ड यांना शेवटपर्यंत भरून काढता आले नाही. 1975 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी या कोड्यावर पुस्तक लिहिले आणि नुसत्या मेंदूवरून मनाचा पूर्ण उलगडा होत नाही असे प्रांजळपणे मांडले. सर्वच शास्त्रज्ञांना ते पटते असे नाही. पण इतक्या मेंदूंना हात लावलेला मनुष्य अखेरीस नम्र झाला, एवढे आपल्या पंचांना सांगण्याजोगे आहे.

तेव्हा आमच्या या मुलीची वाट कोणती? रविवार शाळेच्या शिक्षकांना मुले हे विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. एक वाट डॉक्टरकीची. बारावीनंतर नीटची परीक्षा, साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस., मग तीन वर्षे एम.डी., मग आणखी तीन वर्षे मेंदूविकारांची डी.एम. सुरतेत सरकारी मेडिकल कॉलेज 1964 पासून आहे, महापालिकेचेही आहे. हिला नीटमध्ये गुण कमी पडले, खाजगी कॉलेजाची फी लूम चालवणाऱ्या बापाला झेपण्यासारखी नव्हती. दुसरी वाट संशोधनाची. बी.एस्सी., एम.एस्सी., मग पीएच.डी. त्यासाठी बंगळूरला निम्हान्स आहे, विज्ञान संस्था आहे, हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. प्रवेशपरीक्षा कठीण असतात, पण निवड झाली तर पीएच.डी.ला विद्यावेतन मिळते. निम्हान्समध्ये तर 1995 पासून मेंदूंची पेढी आहे. मेलेल्या माणसाच्या नातलगांनी दिलेले मेंदू तेथे अभ्यासासाठी जपून ठेवतात. हे ऐकून तिची आई दचकली होती. मुलगी म्हणाली, "आई, कोणाच्या तरी घरच्यांनी दिला म्हणून आपल्या बाळाचा रोग कळेल."

तिच्या वडिलांना लग्नाची काळजी आहे, आणि ती दुहेरी आहे. घरात फिट येणारा मुलगा आहे हे कळले की मुलीला स्थळ येत नाही, ही आपल्या समाजाची रीत. कायदासुद्धा एके काळी असाच होता. हिंदू विवाह कायद्यात व विशेष विवाह कायद्यात फेफरे ही लग्नाला आड येणारी गोष्ट म्हणून लिहिलेली होती. 1999 साली ती काढून टाकली. कायद्याने ते खोडले, आपण अजून खोडलेले नाही. आंधळ्या मनुष्याला पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय झिडकारले हे योहानाच्या नवव्या अध्यायात आपण मुलांना शिकवतो, आणि संध्याकाळी सोयरीक जुळवताना तोच प्रश्न पुन्हा विचारतो. जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा रोग आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की नीट निदान होऊन औषध मिळाले तर दहांपैकी सातजण झटक्यांवाचून जगू शकतात. आपल्याकडे तर कित्येकांच्या झटक्याचे कारण न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात गेलेली फीतकृमीची अंडी हे असते. अंड्यातून निघालेला किडा मेंदूत जाऊन बसतो. तेथे कोणाच्या पूर्वजांचे पाप शोधाल?

वर्गात एखाद्या मुलाला झटका आला तर शिक्षकांनी घाबरू नये. आजूबाजूच्या वस्तू सारा, डोक्याखाली काही मऊ द्या, त्याला कुशीवर वळवा, आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा एकामागून एक येऊ लागले, तर थेट इस्पितळ. प्रार्थना रिक्षात करता येते.

एकोणतिसाव्या वचनात प्रभू शिष्यांना म्हणतो की हे प्रार्थनेवाचून व्हायचे नाही. माझ्यासारखे उपदेशक हेच वचन गोळीच्या विरुद्ध उगारतात. पण ते वचन कोणाला सांगितले आहे? वाद घालणाऱ्यांना. शिष्यांनी त्या दिवशी सारे केले असेल, प्रार्थना केली नव्हती. त्या मुलाच्या शेजारी बसून, त्याच्या बापाचे ऐकून, आम्हाला हे जमत नाही असे देवापुढे कबूल केले नव्हते. ते कबूल केले त्या बापाने. विश्वास आणि अविश्वास दोन्ही त्याने एकाच दमात प्रभूपुढे मांडले, आणि प्रभूने त्याला परत धाडले नाही. प्रयोगशाळेत रात्री जागणाऱ्या मुलीची प्रार्थना कदाचित त्याच जातीची असेल. नवापूरच्या स्टेशनवर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. आमची मंडळी जातायेता त्यावर बसते. आपण कोणत्या राज्यात बसलो आहोत याचा विचार कोणी करीत नाही, कारण सर्वांना गाडी पकडायची असते.

आता मंडळीपुढे आलेली गोष्ट. आमच्याकडे सेवक प्रशिक्षणाचा एक लहानसा फंड आहे. माझ्या पदविकेची फी त्यातूनच भरली गेली होती. मी पंच कमिटीपुढे ठराव मांडला की या वर्षी तो फंड हिच्या परीक्षांच्या फीसाठी आणि बंगळूर-मुंबईच्या रेल्वेभाड्यासाठी द्यावा. दोघांनी अनुमोदन दिले, तिघांनी आक्षेप घेतला की फंड धर्मशिक्षणासाठी आहे. तेव्हा सहा वर्षांपूर्वीची हकीकत मी कमिटीपुढे उभा राहून सांगितली. या फंडाच्या पैशाने शिकलेल्या माणसाने त्या मुलाचे काय केले तेही सांगितले. ठराव अजून मंजूर झालेला नाही. पुढल्या बैठकीवर ठेवला आहे. मात्र 'देव हरवून येशील' म्हणणारे आमचे पंच दुसऱ्या दिवशी त्या घरी गेले, आणि त्यांनी मुलाच्या बापाला प्रथमच विचारले की याला हे केव्हापासून आहे.

मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. गीतांचे पुस्तक तो डाव्या हातात धरतो. गेल्या गुरुवारी त्यांच्या घरी प्रार्थना होती. मी संदेश देत होतो. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले आणि आई उठली. मी वाक्य अर्धेच ठेवून थांबलो. तिने डबीतून गोळी काढली, मी तांब्यातले पाणी पेल्यात ओतून दिले. त्याने गोळी गिळली, तोंड पुसले आणि म्हणाला, "हं काका, पुढे सांगा."